लाइट ड्युटी म्हणजे नक्की काय? प्रेसवर बोट गेलेल्या कामगाराची कार्यक्षमता चाचणी

प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय २९, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (यंत्रानं पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनवतात तिथे) ऑपरेटर. चार महिन्यांपूर्वी पॉवर प्रेसमध्ये डाव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली, शेजारच्या मधल्या बोटाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवावा लागला. लिहिण्या-जेवण्याचा हात उजवा, तो शाबूत आहे. डॉक्टरांनी ‘लाइट ड्युटी’ लिहून दिलं. कंपनी म्हणते आमच्याकडे लाइट ड्युटी नाही, पूर्ण फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा नाहीतर घरी बसा. कुणीतरी ‘फंक्शनल कपॅसिटी’ची टेस्ट करून घ्या म्हणालं. ती काय असते आणि तिचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण तिच्याकडून योग्य तेच मागितलं तर.

मी बावीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखापतीनंतर माणसाला पुन्हा रोजच्या कामाला लावणारी, आणि त्यातली बरीचशी हाताच्या दुखापतींतच गेली. ‘लाइट ड्युटी’ हे दोन शब्द डॉक्टर एका अर्थानं लिहितात, एचआरवाले दुसऱ्या अर्थानं वाचतात आणि सुपरवायझर तिसऱ्याच कामाला लावतो. तुमच्या भावासारखाच एक प्रेस ऑपरेटर माझ्याकडे यायचा. त्याचीही डावी तर्जनी गेलेली. त्याच्या कंपनीनं मात्र मन मोठं केलं आणि त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. खुर्ची, पंखा, वजन काही नाही. बारा दिवसांत त्याचा हात मनगटापर्यंत सुजला. का, तर पॅकिंग म्हणजे छोटे वॉशर चिमटीत उचलून पिशवीत टाकायचे, दिवसाला काही हजार वेळा. त्या हाताला पंधरा किलोचा बिन (सुटे भाग ठेवायचा खोका) उचलणं जमत होतं, वॉशर उचलणं जमत नव्हतं. सगळ्यांनी वजनाकडे पाहिलं. चिमटीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, त्याच्या सर्जनचंही नाही.

म्हणून ‘फिट की अनफिट’ हा प्रश्नच मला पटत नाही. विचारायचं ते असं: कोणतं काम, शिफ्टमध्ये किती वेळा, सलग किती वेळ आणि काय बदललं तर? कार्यक्षमता चाचणी, म्हणजे तुम्ही ऐकलेली ‘फंक्शनल कपॅसिटी’ची टेस्ट, याच प्रश्नाचं उत्तर देते. त्यापलीकडे तिच्यात जादू नाही.

एक गल्लत आधीच दूर करते. अपंगत्वाची टक्केवारी वेगळी आणि ही चाचणी वेगळी. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा, त्याच्या परिशिष्टात कोणतं बोट किती गेलं की कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं त्याचा तक्ता होता. ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) कायद्यातला तक्ताही तसाच. नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, तक्ता तोच राहिला. आख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, दोन पेरं गेली तर ११, एक गेलं तर ९. हात उजवा की डावा, याने तक्त्यात फरक पडत नाही. माणूस शिंपी आहे, तबलजी आहे की वॉचमन, यानेही नाही. नुकसानभरपाईला असा ठोक तक्ता लागतोच, नाहीतर प्रत्येक बोटासाठी वर्षानुवर्षं भांडण चालेल. पण तो ११ चा आकडा घेऊन कुणी ‘म्हणजे ८९ टक्के फिट आहे की’ म्हणालं, तर त्याला हात जोडा आणि पुढे चला.

आता चाचणी. तिचा अर्धा भाग दवाखान्यात होतच नाही, तो कारखान्यात होतो. निदान व्हायला हवा. भाऊ नेमकं काय करतो हे मला त्याच्या पदनामावरून कळत नाही. ‘ऑपरेटर’ म्हणजे काहीही असू शकतं. मी गेले की टेप आणि लटकता वजनकाटा घेऊन जाते. बिन भरलेला असताना किती किलोचा, तो जमिनीवर असतो की पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी फळीवर), टेबल किती उंचीचं, शिफ्टमध्ये किती बिन, प्रेसला पायाचं पेडल आहे की दोन्ही हातांची बटणं, पत्र्याचा तुकडा डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) कोण ठेवतं आणि कोणत्या हातानं. कंपनीनं आत सोडलं नाही तर कामगाराच्या दोस्ताकडून सगळं विचारून घेते. दोस्त अचूक सांगतात, मॅनेजरपेक्षा तर नक्कीच.

हे का, ते माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कंबरेच्या दुखण्यातून उठलेल्या एका लोडरची चाचणी दवाखान्यातच केली आणि ‘२० किलोपर्यंत उचलू शकतो’ असं लिहून मोकळी झाले. चाचणीत खोका त्याच्या पायाशी होता. कारखान्यात तोच खोका पॅलेटच्या पलीकडच्या कडेला होता, हात लांबवून आणि कंबर पिळून ओढायला लागायचा. तिसऱ्या दिवशी तो परत आला, कण्हत. वजन उचलण्याचं जे सूत्र जगभर वापरलं जातं, अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं १९९१ चं, त्यात सगळं आदर्श असेल तर २३ किलो ही वरची मर्यादा आहे. आदर्श म्हणजे वजन घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत, अंगालगत. तेच वजन ५० सेंटिमीटरवर गेलं की बाकी काही न बदलता मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. वाकणं, पिळणं, घाई, उंची यांची वजाबाकी त्यानंतर सुरू होते. हे सूत्र मी तेव्हाही शिकलेली होते. पॅलेट तेवढं पाहिलं नव्हतं.

दवाखान्यातल्या भागाला साधारण तीन ते चार तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तासभर. जखम भरलेली हवी आणि सर्जनची लेखी परवानगी हवी. शिवलेल्या टेंडनवर जोर द्यायला साधारण बारा आठवडे जावे लागतात, भावाचे चार महिने झालेत म्हणजे बहुतेक हरकत नसावी, तरी विचारून घ्या. आल्याबरोबर नाडी आणि रक्तदाब. रक्तदाब चढलेला असेल तर मी वजनाच्या चाचण्या त्या दिवशी करत नाही, कितीही लांबून आलेला असो.

मग हात. पकडीचं बळ मोजायला जामर नावाचं उपकरण असतं, त्याच्या मुठीला पाच खाचा असतात. दुसऱ्या खाचेवर प्रत्येक हाताचे तीन प्रयत्न आणि त्यांची सरासरी ही नेहमीची रीत. त्या पॅकिंगवाल्याचा उजवा हात ४४ किलो भरला आणि डावा २३. निम्मं बळ पाहून घरचे हिरमुसले, मी नाही हिरमुसले. प्रेसवर ऑपरेटर फार जोरात पिळत नाही, त्याला चिमूट लागते. अंगठा आणि तर्जनीची चिमूट गेली की मेंदू हुशारीनं मधल्या बोटाला पुढे करतो. काही आठवड्यांत माणूस मधल्या बोटानं बटण लावायला लागतो, स्वतःच्याही नकळत. तुमच्या भावाच्या बाबतीत मेख इथेच आहे. बदली कामगार म्हणून जे बोट उभं राहायचं, त्याच बोटाचा टेंडन शिवलेला आहे. त्याची चाचणी जो कोणी घेईल त्याला हे आवर्जून सांगा. तर्जनीच्या थोटकाकडे सगळेच पाहतील, मधलं बोट किती वाकतं, किती वेळात थकतं, हे पाहायला हवं.

थोटकाची संवेदना वेगळी तपासावी लागते, बारीक-जाड नायलॉनच्या धाग्यांनी टोचून. दोन्ही टोकं त्रासाची. टोक बधिर असेल तर पत्र्याची धार लागलेली कळत नाही, रक्त दिसल्यावर कळतं. आणि टोक फार हळवं असेल तर साधा टॉवेल लागला तरी झिणझिण्या येतात. हळवेपणा डाळ-तांदळात, वाळूत रोज हात घोळवून कमी करता येतो, ते घरी आजपासून सुरू करता येईल. थंडीचं वेगळंच. डिसेंबरच्या पहिल्या शिफ्टला गार पत्रा हातात घेतला की असं बोट पांढरं पडून ठणकतं. पहिला हिवाळा बहुतेकांना कठीण जातो. अहवालात मी तेही लिहिते, कारण ‘ऑक्टोबरात तर नीट करत होता, आता नाटकं सुरू झाली’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

मग उचलणं. पाच किलोपासून सुरू, अडीच-अडीच वाढवत. जमिनीवरून कंबरेपर्यंत, कंबरेपासून खांद्यापर्यंत, मग हातात घेऊन पंधरा-वीस मीटर चालणं. महागडं मशीन लागत नाही. माझ्याकडे कारखान्यातूनच आणलेला प्लॅस्टिकचा बिन आहे आणि भंगारातल्या लोखंडी चकत्या. थांबवायचं कधी, यात दोन मतं आहेत. एक म्हणतं माणूस ‘बस’ म्हणेल तेव्हा. दुसरं म्हणतं चाचणी घेणाऱ्याला तोल जाताना, खांदा उचकताना, श्वास रोखताना दिसेल तेव्हा. मी दोन्हीतलं जे आधी येईल ते धरते. आपले कामगार ‘बस’ म्हणतच नाहीत, ही माझी मोठी अडचण. नोकरी जाईल या भीतीनं दात-ओठ खाऊन उचलतात आणि रात्री घरी गोळ्या घेतात. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यासाठीच असते. सूज किती, बोटं किती वाकतात, रात्री झोप लागली का. आदल्या दिवशीचा आकडा मी त्या सकाळनंतरच पक्का करते.

आणि खरी कामं. दोनशे वॉशर एका ट्रेमधून दुसऱ्यात. वेगवेगळ्या मापाचे पत्र्याचे तुकडे खाचेत बसवणं, प्रेसच्याच लयीत, वीस मिनिटं सलग. मी घड्याळ लावून पाहते की चौदाव्या मिनिटाला काय होतं. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच हिरो असतात.

‘मॅडम, तो नाटक तर करत नाही ना?’ हा फोन येतोच. कधी कंपनीचा, कधी विम्याचा, एकदा तर सख्ख्या सासऱ्याचा. जामरच्या पाच खाचांवर जोर लावला तर आकडे मधल्या खाचांवर जास्त आणि टोकांना कमी येतात, आलेख टेकडीसारखा दिसतो. मुद्दाम हात आखडला तर तो सपाट येतो, तीन प्रयत्नांत आकडे वरखाली होतात. पुस्तकात असं लिहिलंय आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण दुखणारा हात, घाबरलेला हात आणि अशक्त हातसुद्धा सपाट आलेख देतात. त्यामुळे मी ‘प्रयत्नांत सातत्य आढळलं’ किंवा ‘आढळलं नाही’ एवढंच लिहिते. खोटं बोलतो असं आजवर कुणाबद्दल लिहिलेलं नाही. माणसाचं मन मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांच्यापासून जपून राहा.

भीतीबद्दल मात्र बोलायलाच हवं, अहवालात ती क्वचितच दिसते. त्या पॅकिंगवाल्याला नंतर आम्ही पुन्हा प्रेसवर नेऊन पाहिलं. मशीन बंद होतं, शेजारचं चालू होतं. मी त्याची नाडी धरून उभी होते. आत शिरताना ८२ होती, शेजारचा पहिला ठोका पडला आणि ११८ झाली. तो मूळचा लातूरकडचा, म्हणाला, ‘मॅडम, हात चालतोय ओ, पण भ्या वाटतंय.’ हाताच्या व्यायामानं हे जात नाही. रोज दहा मिनिटं नुसतं शॉपमध्ये उभं राहणं, मग बंद मशीनवर हात फिरवणं, मग इंचिंगवर (मशीन थोडंथोडं सरकवत) एकेक ठोका, असं तीन आठवडे चाललं. आणि हेही सांगते, ती भीती वेडी नव्हती. त्या प्रेसच्या गार्डचा, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलेला होता, उत्पादन वाढावं म्हणून. गार्ड दुरुस्त झाल्याशिवाय त्याला त्या मशीनवर परत पाठवू नये, हे माझ्या अहवालातलं पहिलं वाक्य होतं. थेरपिस्टनं यात पडावं का, असं मला विचारलं गेलं. पडावं. भावाच्या मशीनचं काय झालं, हे तुम्हीही विचारा. कारखाना दाद देत नसेल तर राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय त्यासाठीच आहे.

या चाचणीची मर्यादाही ऐकून घ्या. चार तासांत जे दिसलं त्यावरून आठ तासांचं आणि आठवड्याच्या सहा दिवसांचं अनुमान काढायचं असतं. ते अनुमानच. चाचणीत चांगले आकडे आलेले लोक थोडे लवकर कामावर परततात, पण हा संबंध फार घट्ट नाही, असंच अभ्यासांतून पुढे आलं आहे. परतणं न परतणं हे सुपरवायझर कसा आहे, घरी दुसरी कमाई आहे का, पाळी बदलून मिळते का यावरही ठरतं. म्हणून मी एकदम पूर्ण कामाची शिफारस करत नाही, पायरीपायरीनं करते.

इथे ई.एस.आय.वाल्यांसाठी एक व्यावहारिक अडचण आहे. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के मिळतो, पण ज्या दिवशी कामावर जाऊन पगार घेतला त्या दिवसाचा मिळत नाही. परदेशी पुस्तकांत सर्रास ‘पहिले दोन आठवडे अर्धा दिवस’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे अर्धा दिवस गेलात तर अर्धा पगार मिळतो आणि लाभही बुडतो. कामगार साहजिकच नको म्हणतो. त्यामुळे मी तास कमी करत नाही, तासांच्या आतलं काम बदलते. पूर्ण शिफ्ट, पण पहिले दोन आठवडे ट्रॉली ढकलणं, गेजनं (मापाच्या साधनानं) तपासणी, नोंदी. प्रेसवर फक्त एक तास, जेवणाच्या सुट्टीआधी. मग दोन तास, मग चार.

अहवाल कसा असावा, तर सुपरवायझरला समजेल असा. आमच्या धंद्यात ‘कधीमधी’, ‘वारंवार’ आणि ‘सतत’ या शब्दांना ठरलेला अर्थ आहे: शिफ्टच्या एक तृतीयांशापर्यंत, दोन तृतीयांशापर्यंत, आणि त्याहून जास्त. आठ तासांत म्हणजे २ तास ४० मिनिटं आणि ५ तास २० मिनिटं. मी शब्दांऐवजी थेट तास-मिनिटंच लिहिते. त्या पॅकिंगवाल्याच्या अहवालात असं होतं: ‘जमिनीवरून कंबरेपर्यंत १५ किलो, तासाला ६ वेळा, चालेल. खांद्याच्या वर ७.५ किलोपेक्षा जास्त नको. डाव्या हातानं २ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू उचलणं सलग १० मिनिटांपेक्षा जास्त नको. दोन हातांच्या बटणांचा प्रेस चालेल, बटण तळव्यानं दाबता येतं. पायाच्या पेडलचा प्रेस नको. लहान तुकडा डायमध्ये ठेवायला चिमटा किंवा चुंबक द्यावा. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.’ बस, एक पान. याची एक मराठी प्रत कामगाराच्या खिशात हवी. असा कागद समोर ठेवला की ‘आमच्याकडे लाइट ड्युटी नाही’ हे वाक्य म्हणायला अवघड जातं, कारण लाइट ड्युटी कुणी मागितलेलीच नसते. त्याचंच काम, चार बदल करून मागितलेलं असतं. दहातल्या दहा कंपन्या ऐकतात असं नाही. कंत्राटी कामगाराचं तर ठेकेदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात.

कायद्याचा आधार किती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागते. पण ते संरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे. एस.टी.च्या चालकाला ते उपयोगी पडेल, चाकणच्या खासगी कारखान्यातल्या भावाला तसं नाही. मात्र ई.एस.आय.चा लाभ किंवा उपचार चालू असताना त्याला कामावरून काढता येत नाही. राजीनाम्यावर सही मागितली तर करू नये, एवढं आज रात्रीच त्याला सांगा.

कुठे करायची: मोठ्या सरकारी रुग्णालयांचे ऑक्युपेशनल थेरपी विभाग हे पहिलं ठिकाण. पुण्याहून मुंबईला जायची तयारी असेल तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आणि परळचं केईएम. केईएममध्येच १९५० साली कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, आमची सगळी बिरादरी तिथून आली. फोनवर एवढंच विचारा: ‘तुम्ही त्याचं काम काय आहे ते विचारणार का, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणार का?’ दोन्हीला नाही म्हणाले तर पैसे वाचवा.

जाताना काही गोष्टी. ऑपरेशनचे कागद, कामाचे बूट, आणि बिनचा, टेबलाचा, मशीनचा मोबाइलवरचा फोटो. पोटभर जेवून जावं. सकाळची दुखण्याची गोळी घ्यायची की नाही हे आधी विचारावं आणि घेतली असेल तर सांगावं. कामावर जायचं कसं, तेही तपासून घ्या, कारण बाइकचा क्लच डाव्या हातात असतो. स्कूटर घे म्हणतात, पण तिचा मागचा ब्रेकही डाव्याच हातात. तोवर कंपनीची बस.

आणि हातमोजे. नवीन जोडीतल्या डाव्या मोज्याचं तर्जनीचं रिकामं बोट थोटकाच्या मापाला कापून शिवून घ्या. ते लोंबतं बोट मशीनमध्ये सापडलं तर उरलेला हात सोबत ओढतं. ड्रिलसारख्या फिरत्या मशीनवर तर मोजा घालूच नये, शिवलेलासुद्धा.